पी. बाळू : टाळ्या, पेला आणि मत

१९३७ सालच्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं ज्याला उभं केलं, तो कुणी शेठ नव्हता की भटजी नव्हता. तो आपल्यातलाच होता. चांभाराचा पोर. क्रिकेटचा बॉलर. नाव बाळू पालवणकर. पेपरवाले लिहायचे पी. बाळू.

जव्हार-मोखाड्याच्या आपल्या तरुण पोरांना हे नाव विचारलं तर शंभरात दोघं सांगतील, आणि त्या दोघांतला एक म्हणेल, ‘‘तो काय, पुणे कराराच्या बाजूचा.’’ विषय तिथंच मिटतो. इकडं क्रिकेटच्या पुस्तकवाल्यांनी त्याला तेवढ्याच सोयीनं वापरलं. तिथं तो महान फिरकी गोलंदाज, आणि निवडणुकीचं पान फाडलेलं. म्हणजे एकानं त्याचा हात ठेवला, दुसऱ्यानं त्याचं मत ठेवलं. माणूस कुणीच ठेवला नाही. दोस्त हो, आपला इतिहास आपण लिहायचा म्हणतो ना? मग हा माणूस अख्खा लिहायला पाहिजे. गोड तेवढाच लिहून भागणार नाही.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, म्हणून पालवणकर. बाप पलटणीत. महार काय, चांभार काय, त्या काळी अस्पृश्याला गावकुसाच्या बाहेर पडायची जी एक फट होती ती पलटणीची. पलटण म्हणजे छावणी, छावणी म्हणजे गोरा साहेब, आणि साहेब म्हणजे क्रिकेट. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचे भाऊ शिवराम, विठ्ठल, गणपत खेळायला शिकले. चारही भाऊ पुढं नावाजले.

शाळा लवकर सुटली. पोट सुटत नाही. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथं काम काय? खेळपट्टी आखायची, जाळी उभी करायची, आणि साहेबाला टेनिस खेळायचं असलं की टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या. रेषा आपण मारायच्या, आत खेळायचं त्यांनी. आपल्या सगळ्या इतिहासात हेच चालत आलंय. रस्ता आपण खणला, विहीर आपण खणली, देवळाचा दगड आपण वाहिला.

एका साहेबानं गंमत म्हणून त्याला सरावासाठी बॉल टाकायला लावला. डावखुरा, सावकाश, हातातून बॉल सुटला की कुठं वळेल पत्ता नाही. ग्रेग नावाचा त्या काळचा मोठा बॅट्समन रोज त्याच्यापुढं सराव करायचा. बाळूनं बाद केलं की प्रत्येक वेळेला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हजारो बॉल टाकले असतील त्यानं त्या जाळीत. पण बॅट कधी त्याच्या हातात दिली नाही. बॅटिंग साहेबाची आणि राजेरजवाड्याची. घाम गाळायचा तो बॉलिंगवाल्यानं. साच्यावर उभं राहणाऱ्याला हे नव्यानं समजावून सांगायला नको.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायची हौस आली. बॉलर पाहिजे. बॉलर आहे, पण तो चांभार. मोठी पंचाईत! घ्यावा तर धर्म बुडतो, न घ्यावा तर मॅच बुडते. चर्चा झाल्या. ग्रेगनंही जाहीरपणे म्हटलं की त्याला न घेणं मूर्खपणाचं होईल. शेवटी घेतला. धर्मापेक्षा मॅच मोठी ठरली.

आता नीट बघा काय घडलं. मैदानात बॉल एकच. तोच बॉल बामणाच्या हातात, तोच बाळूच्या हातात. बॉलला विटाळ होत नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत बसून चिनी मातीच्या कपात चहा पिणार आणि बाळूला तंबूबाहेर मातीच्या पेल्यात. पिऊन झाला की पेला फेकायचा. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. हात धुवायला पाणी पाहिजे तर अस्पृश्य नोकरानंच आणून द्यायचं. सकाळी अकरा वाजता तो हिंदू, दुपारी चहाला अस्पृश्य, चहानंतर पुन्हा हिंदू!

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला, तिथं त्यानं सात गडी मारले. कौतुकाचा पूर आला. न्यायमूर्ती रानड्यांनीसुद्धा जाहीर सांगितलं की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला का लाजता? रानडे बोलले हे खरं, त्याचं श्रेय त्यांना द्यावं. पण प्रश्न विचारणारा गेला आणि पेला मात्र बराच काळ बाहेरच राहिला.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आला. मुंबई म्हणजे गिरण्या, रेल्वे, चाळी. त्याला रेल्वेत नोकरी मिळाली, बी. बी. सी. आय. मध्ये. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यानं त्याला खेळवला. तिथंही आधी कुरकुर झालीच.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंचे २४२ आणि १६०, गोऱ्यांचे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूनं दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. भाऊ शिवरामही त्या संघात होता. स्वदेशीचे दिवस होते, वंगभंगाचं आंदोलन पेटलं होतं. राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर नाव झालं. ज्या हिंदूंना हा विजय आपला वाटला, त्यांना तो एका चांभारानं मिळवून दिला होता.

१९११ ला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान कोण? पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. महाराजा तिकडं मेजवान्या झोडत होते. बाळू पस्तिशीचा, खांदा दुखरा, तरी बॉल टाकत होता. सगळे सामने धरून ११४ बळी. त्यातले प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५. संघ प्रथम दर्जाचे चौदा सामने खेळला, त्यातले दोनच जिंकला, दहा हरला. हरणाऱ्या संघात ११४ बळी घेणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यानं समजून घ्यावं. इंग्लंडातल्या कौंट्यांना हा माणूस हवाहवासा वाटला. परत आला तेव्हा मुंबईतल्या अस्पृश्य वस्त्यांनी त्याला डोक्यावर घेतला. तेव्हा बाबासाहेब विशीतले विद्यार्थी होते आणि त्यांनाही बाळूचा अभिमान होता. साहजिकच आहे. १९११ साली अख्ख्या देशाला माहीत असलेला अस्पृश्य माणूस दुसरा होता तरी कोण? बाबासाहेबांच्या आधी आपल्या पोरांनी ज्याच्याकडं बोट दाखवावं, असा तो होता.

प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे बघा आणि मग पुढचा प्रश्न विचारा. हा माणूस हिंदू संघाचा कप्तान किती वेळा झाला?

एकदाही नाही.

त्याच्यापेक्षा कनिष्ठ कप्तान झाले, त्याच्याच बॉलिंगवर सामने जिंकले. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. ते सारस्वत बामण, पण सरळ माणूस. सत्काराला उभे राहून त्यांनी सांगितलं की हा मान माझे मित्र बाळू यांचा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानी काही बाळूकडं आली नाही. टाळी वाजवायला पैसा पडत नाही आणि खुर्चीही सोडावी लागत नाही.

आता १९२० सालाकडं या. माझ्या मतानं बाळूच्या आयुष्यात आपण शिकावं असं सगळ्यात मोठं काही असेल तर ते या सालात आहे, विकेटींमध्ये नाही.

त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या वेळेला पै आजारी पडले. निवड समितीनं बाळूला संघातूनच वगळलं आणि कप्तानी दि. ब. देवधरांकडं दिली. विठ्ठल आणि शिवराम त्यांच्याहून ज्येष्ठ, दोघांचाही खेळ सिद्ध झालेला. दोघा भावांनी काय केलं? अर्ज केला नाही, पाया पडले नाहीत. संघातून बाहेर पडले. बाहेर पडून जाहीर पत्रक काढलं की हा जातीचा अन्याय आहे आणि आम्ही तो सहन करणार नाही. सांगायचा मुद्दा असा की त्यांनी संप केला. दोन माणसांचा का होईना, संप. लोकांत चर्चा झाली, जिमखान्याची अडचण झाली. मग पै परत आले, भावांची समजूत काढली गेली आणि बाळूला उपकप्तान केलं गेलं. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ का होईना बाळूनं संघ चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्याच्या हाताखाली संघानं गोऱ्यांना हरवलं. त्याला लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. विठ्ठलनं पुढं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं, १९४८ साली.

हिशोब मांडा. पंचवीस वर्षांच्या विकेटींनी जे मिळालं नाही, ते एका बहिष्कारानं काही दिवसांत मिळालं. गिरणीतल्या बदलीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. वीस वर्ष साचा चालव, मुकादम पाठीवर थाप मारील, दिवाळीला गोड बोलेल. कायम करणार नाही. कायम व्हायचं तर दरवाजावर उभं राहावं लागतं, आणि एकट्यानं उभं राहून चालत नाही.

पण बाळूनं स्वतः यातून वेगळा धडा घेतला. इथंच आपली आणि त्याची वाट फुटते.

त्याला वाटलं, हिंदू बदलतायत. आधी संघात घेतलं, मग उपकप्तान केलं, मग भावाला कप्तान केलं. पायरी पायरीनं सगळं होईल. एका खेळाडूच्या अनुभवातून बघितलं तर हे अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या आयुष्यात पेला बाहेरून आत आला होता. पण महाडचं काय? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलो तर आपल्या माणसांची डोकी फुटली. नाशिकचं काय? आपल्या मोखाड्याहून त्र्यंबकचा घाट चढला की नाशिक. तिथं काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्ष चालला, दार उघडलं नाही. बाळूसाठी पेला आत गेला, कारण बाळू विकेट घ्यायचा. ज्याला विकेट घेता येत नाही त्या अस्पृश्याचं काय? त्यानं तहानेनं मरायचं? बाबासाहेबांचा प्रश्न हा होता. गुणवान अस्पृश्याला माणूस म्हणा, एवढीच त्यांची मागणी नव्हती. अस्पृश्य गुणवान असो नसो, तो माणूस आहेच, हे त्यांना कबूल करून घ्यायचं होतं.

ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला. आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा, सवर्णांच्या मेहेरबानीची गरज नाही. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधींचं उपोषण सुरू झालं. देशभरातून बाबासाहेबांवर दाब आला. २४ सप्टेंबरला करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. त्या करारावर ज्या सह्या आहेत त्यांत एक सही पी. बाळू अशी आहे. बाबासाहेबांनी सही केली ती गळ्याला तात लागलेली असताना. बाळूनं केली ती मनापासून. सही तीच, कागद तोच, पण दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींवर सही करत होती.

१९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळूनं विरोध केला. मग आली १९३७ ची निवडणूक. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष नवा, १९३६ चा. काँग्रेसला भायखळा-परळच्या गिरणगावात बाबासाहेबांसमोर उभा राहील असा माणूस पाहिजे होता. सवर्ण उभा करून भागणार नव्हतं, जागा राखीव. पुढारी उभा करावा तर बाबासाहेबांपुढं टिकणारा अस्पृश्य पुढारी त्यांच्याकडं नव्हता. मग त्यांनी लोकप्रियता उभी केली. म्हातारा झालेला, सगळ्यांचा लाडका बॉलर. त्यात तो चांभार. महार आणि चांभार यांच्यात भिंत पडली तर बरंच. हे गणित खेळाच्या मैदानावरचं नव्हतं.

बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली. बाळूला ११,२२५. फरक दोन हजारांचा.

दोन हजार! जगातली मोठमोठी विद्यापीठं ज्यांनी पालथी घातली, महाड आणि नाशिक ज्यांनी उभं केलं, गोलमेज परिषदेत जे आपल्यासाठी भांडले, त्यांच्यात आणि एका निवृत्त क्रिकेटवाल्यात अंतर किती, तर दोन हजार मतांचं. लोकप्रियतेची ताकद किती असते ते या आकड्यावरून शिका. आणि ती कुणाच्या हातात जाते तेही शिका. बाळूनं विकेटी स्वतःच्या मनगटानं मिळवल्या होत्या. पण त्या विकेटींचं भांडवल वापरलं दुसऱ्यांनी. ४ जुलै १९५५ ला बाळू मुंबईत वारला. त्यानंतर सव्वा वर्षानं, १४ ऑक्टोबर १९५६ ला, लाखो माणसं नागपुरात बाबासाहेबांच्या मागं उभी होती.

तर मग बाळू गद्दार म्हणायचा का? मी नाही म्हणणार. ज्याला तंबूबाहेर मातीच्या पेल्यात चहा दिला त्याला आपणही आपल्या तंबूबाहेर ठेवलं, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? तो चुकला, राजकारणात चुकला. त्याची चूक सांगायची, तोंडावर सांगायची. पण त्यानं १९०६ मध्ये जे केलं ते आपल्या वस्तीनं केलेलं आहे, ते जिमखान्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाही.

हे एकट्या आपल्याच देशात होतं असं समजू नका. फ्रान्समध्ये यानिक नोआ म्हणून टेनिसचा खेळाडू होऊन गेला. जन्म १९६० चा, आई फ्रेंच, बाप आफ्रिकेतल्या कॅमेरूनचा फुटबॉल खेळाडू. पोरगा कॅमेरूनमध्येच वाढला. १९७१ मध्ये अमेरिकेचा काळा टेनिसपटू आर्थर अॅश तिकडं गेला असताना त्याच्या नजरेला हा अकरा वर्षांचा पोर पडला आणि त्याची फ्रान्सला शिकायची सोय झाली. १९८३ मध्ये नोआनं स्वीडनच्या विलँडरला हरवून फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्याच्यानंतर एकाही फ्रेंच पुरुषाला ती एकेरीत जिंकता आलेली नाही. खेळ सोडल्यावर तो गायक झाला, डेव्हिस कपमध्ये फ्रान्सच्या संघाचा कप्तान झाला, १९९१ ला आणि १९९६ ला कप जिंकून दिला. म्हणजे बाळूला जी कप्तानी मिळाली नाही ती नोआला मिळाली. गोरा फ्रान्स त्याच्यावर वेडा झाला. पण त्याच फ्रान्सच्या मोठ्या शहरांच्या कडेला आफ्रिकेतून आलेल्यांच्या वस्त्या आहेत, आणि तिथल्या काळ्या पोरांना पोलीस अडवतात तेव्हा तू नोआचा भाऊ म्हणून सोडत नाहीत. एकाला डोक्यावर घेणं आणि त्याच्या माणसांना पायाखाली ठेवणं ही दोन्ही कामं समाज एकाच वेळी करू शकतो. त्याला काहीच जड जात नाही.

आता घरचं बघू. मोखाड्याच्या वेशीपलीकडं हरसूल आणि हरसूलजवळ सावरपाडा. तिथली कविता राऊत, आदिवासी घरातली पोरगी, अनवाणी पळत वाढली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ ला अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून पेपरांनी डोक्यावर घेतली. चांगलंच झालं. पण पाड्यावरच्या बाकीच्या पोरी पळतात त्या पाण्यासाठी पळतात, डोक्यावर हंडा घेऊन. उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या विहिरी आटल्या की त्यांना कोण टाळ्या वाजवतं?

आणि जव्हारनं तर हा धडा फार आधी घेतलाय. इथं शतकानुशतकं महादेव कोळी मुकण्यांचं संस्थान होतं. राजा आदिवासी घराण्यातला. १९४८ ला संस्थान विलीन झालं, पुढं राखीव जागेवर आदिवासीच निवडून येत राहिले. तरी १९९२-९३ ला वावर-वांगणीत पोरं भुकेनं मेली. आपला माणूस राजवाड्यात असला, विधानसभेत असला, पेपरात असला, तरी तेवढ्यानं पाड्यावरच्या मडक्यात तांदूळ पडत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच. आश्रमशाळेतला पोर चांगला पळत असेल, चांगला बॉल टाकत असेल, तर त्याला पुढं न्या. बूट मागा, मैदान मागा, शिक्षक मागा. आणि त्याला बाळूची गोष्ट सांगा, पण पुरती सांगा. टाळ्या वाजल्या तर घे म्हणावं, तुझ्या घामाच्या आहेत. पण पेला कुठं ठेवलाय ते बघ. संघ कोण निवडतं ते विचार. आणि उद्या तू मोठा झालास, म्हातारा झालास, आणि तुझं नाव घेऊन कुणी मतं मागायला आला, तर आधी त्याला विचार की समोर कोण उभा आहे.